कोंडिराम नरवाडे पोस्टपेड होतात

कोंडिराम नरवाडे यांच्या मोबाइलचा पॅक शनिवारी संपणार होता, आणि जेसल पार्कच्या मंडळींचा होकार किंवा नकारही शनिवारपर्यंतच यायचा होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी तसा काही संबंध नव्हता. पण कोंडिरामांच्या डोक्यात कुठल्याही दोन गोष्टी फार वेळ वेगळ्या राहत नसत. त्यामुळे मंगळवारपासूनच ते दिवस मोजत होते.

झालं होतं असं, की गेल्या रविवारी त्यांच्या पंचशीलाला बघायला मंडळी येऊन गेली होती. मुलगा उदय सावळे, विमा कंपनीत नोकरीला, दिसायला नीटस, बोलायला कमी. वडील हरिश्चंद्र सावळे, भाईंदरच्या जेसल पार्कला स्वतःच्या ब्लॉकमध्ये राहणारे, घसा खाकरल्याशिवाय वाक्य सुरू न करणारे. पोहे झाले, चहा झाला, हिंगोलीकडच्या पाहुण्यांच्या ओळखी निघाल्या. मग "आम्ही घरी बोलतो आणि शनिवारपर्यंत फोन करतो" असं म्हणून मंडळी उठली. आता असल्या बाबतीत फोन करायचा तो मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला, ही रीत. मुलीच्या बायोडाटावरही नंबर बापाचाच असतो. म्हणजे पंचशीलाचं सगळं पुढचं आयुष्य कोंडिरामांच्या त्या एका नंबरावर टांगलेलं होतं, आणि तो नंबर प्रीपेड होता.

बरं, हे स्थळ काही असंच चालत आलेलं नव्हतं. समाजाच्या वधू-वर मेळाव्याचं जाडजूड पुस्तक कोंडिरामांनी डोळ्यांत तेल घालून वाचलं होतं आणि त्यातून उदय सावळे हे रत्न स्वतः हुडकून काढलं होतं. पंचशीला भाईंदरच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. याआधी दाखवलेल्या प्रत्येक मुलात तिने काही ना काही खोट काढली होती. या मुलाचा फोटो दाखवला तेव्हा मात्र ती खाली मान घालून "तुम्ही म्हणाल तसं, पप्पा" एवढंच म्हणाली होती. कोंडिरामांना त्या दिवशी भरून आलं होतं. अशी मुलगी आणि असं स्थळ, दोन्ही हातचं जाऊ द्यायचं नाही असा त्यांनी पण केला होता.

"पॅक संपला तरी फोन येतोच की," इंदूबाई म्हणाल्या. त्या कोंडिरामांच्या पत्नी. संसाराची इतकी वर्षं त्यांनी नवऱ्याच्या काळज्या ऐकत काढली होती, त्यामुळे त्यांना आता कशाचंच काही वाटत नसे.

"येतो. पण जात नाही. उल्हासनगरचं स्थळ विसरलीस का?"

उल्हासनगरचं स्थळ विसरणं या घरात कुणालाच शक्य नव्हतं. त्या लोकांचा मिस्ड कॉल आला तेव्हा कोंडिरामांचा पॅक नेमका संपलेला होता. दुकान गाठून, रिचार्ज मारून त्यांनी उलट फोन लावला, तोवर मुलगा दुसरीकडे साखरपुड्याला बसला होता.

"मग कायमचं पोस्टपेडच करून टाका ना. कशाला दर महिन्याला जिवाला घोर लावून घ्यायलाव?"

पोस्टपेड हा शब्द ऐकला की कोंडिरामांना घाम फुटत असे. प्रीपेड म्हणजे एसटीचं तिकीट. पैसे आधी, प्रवास मग, कुणाचं काही देणं नाही. पोस्टपेड म्हणजे खानावळ. आधी जेवायचं आणि मग मालक सांगेल तो आकडा ऐकायचा. शिवाय त्यात सही करून द्यावी लागते, कंपनीशी बांधून घ्यावं लागतं. काशीमीऱ्याच्या ज्या गोदामात ते स्टोअरकीपर होते तिथल्या नाथाने तर त्यांना आणखीच घाबरवून सोडलं.

"पोस्टपेड?" नाथा म्हणाला. तो रत्नागिरीकडचा, आणि वाईट बातमी चवीने सांगणारा. "आमच्या मेव्हण्याने घेतलेलं. पोराने गेम खेळून खेळून असं बिल आणलं की मेव्हणा गावाला गेला तो अजून आला नाय."

"आणि प्रीपेड चांगलं म्हणतोस?"

"प्रीपेड? छ्या. माझा चुलता दवाखान्यात होता आणि माझा पॅक कधीचा संपलेला, येणारे फोनपण बंद. तो गेला ते मला मागाहून कळलं."

कोंडिराम घरी आले ते दोन्हीकडून घाबरून. शुक्रवार त्यांनी कसाबसा ढकलला. फोन दर घटकेला खिशातून काढायचा, जिवंत आहे ना बघायचं, परत ठेवायचा. शनिवारी त्यांना अर्धा दिवस सुटी असे. दुपारी जेवण झाल्यावर ते उठले, शर्ट चढवला आणि फाशीच्या तख्ताकडे निघाल्यासारखे शांती नगरच्या नाक्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेले. शेवटी भीती दोन्हीकडे सारखीच असेल, तर निदान फोन चालू राहील ती बाजू धरावी, असा त्यांनी हिशोब केला होता.

दुकानदार साहिल चार गिऱ्हाइकांशी एकदम बोलत होता.

"पोस्टपेड करना है," कोंडिराम म्हणाले. "लेकिन नंबर यही रहना मंगता है. बदलने का नहीं."

"नंबर वही रहेगा अंकल. आधार दो. तीन महिना वापस प्रीपेड नहीं होगा, मालूम है ना?"

"तीन महिना बंधा हुआ?"

"बंधा हुआ क्या अंकल, चलता ही रहेगा. आपको तो चलाना ही है ना?"

कोंडिरामांनी बोट टेकवलं, फोटो दिला, सही केली. मग साहिलने सहज सांगावं तसं सांगितलं, "कंपनी से फोन आएगा, वेरिफिकेशन का. उठाना, जो पूछे वो बताना. उसके बाद थोड़ा टाइम फोन बंद रहेगा. शाम तक चालू."

कोंडिराम जागच्या जागी थिजले. फोन बंद राहणार ही एक गोष्ट, पण अनोळखी फोन उचलून तो विचारेल ते सांगायचं?

याचं कारण समजून घ्यायला हवं. गेल्या वर्षी गोदामातल्या एका माणसाला फोनवरून कुणीतरी गंडवलं, तेव्हापासून कोंडिरामांनी स्वतःला सावध राहण्याच्या कामावर नेमून घेतलं होतं. बिल्डिंगच्या ग्रुपवर ते रोज सकाळी सूचना टाकत. कुणी आधार विचारलं तर फोन ठेवा. कुणी घाई केली तर फोन ठेवा. कुणी पैसे टाका म्हणालं तर आधी शिव्या द्या आणि मग फोन ठेवा. घरात तर कायदाच होता: अनोळखी नंबर उचलायचा नाही. इंदूबाईंनी आधी कुरकुर केली, मग सवय लावून घेतली. पंचशीलाने तर पहिल्या दिवसापासून तो इतका कडक पाळला, की एकदा कोंडिरामांनी स्वतः दुसऱ्याच्या फोनवरून तिला सहा वेळा लावून पाहिलं, पण तिने उचलला नाही. रिक्षा मिळत नव्हती, भिजत घरी यावं लागलं. तरी त्यांना तिचा अभिमान वाटला होता.

घरी येऊन ते फोन समोर ठेवून बसले. आता काय काय व्हायला हवं होतं? कंपनीचा फोन यायला हवा होता, जेसल पार्कचा फोन यायला हवा होता, आणि जेसल पार्कचा फोन नंबर बंद व्हायच्या आधी यायला हवा होता. हरिश्चंद्र सावळ्यांचा नंबर त्यांनी 'जेसल पार्क' या नावाने जपून ठेवला होता. ते नाव पडद्यावर दिसलं की उचलायचं, घसा साफ करायचा, जयभीम घालायचा, हे सगळं मनात घोळवून झालं होतं.

पहिला फोन आला तो अनोळखी. कोंडिरामांनी इंदूबाईंकडे बघितलं, देवळाबाहेर चपला सोडून आत जाणारा माणूस चपलांकडे बघतो तसं, आणि उचलला. एक मुलगी होती. गोड आवाजात तिने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला, घर स्वतःचं का भाड्याचं तेही विचारलं. कोंडिरामांनी सगळं सांगितलं. "धन्यवाद, आपका दिन शुभ हो," म्हणून तिने फोन ठेवला आणि कोंडिरामांचा दिवस तिथून बिघडला.

"मी सगळं सांगून बसलो," ते म्हणाले.

"दुकानदारानंच सांगायला लावलं ना?"

"अगं, पण तीच कंपनीची कशावरून? इतकी गोड बोलत होती. कंपनीवाले कधी इतकं गोड बोलतात का? आता बघ तू. तिने माझी माहिती पुढे विकली असणार. आता पाठोपाठ दुसरा येईल. त्यांची टोळी असते."

आणि पाठोपाठ दुसरा आलाच. परत अनोळखी नंबर. मागे कुठेतरी बेंजोचा आणि माणसांचा दणका चालला होता, त्यातून एक पुरुष ओरडून बोलत होता.

"हॅलो, नरवाडे का? जयभीम. होकार आहे बरं का. ऐका, मी हॉलवर उभा आहे. मुलीचं आधारवरचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख पटकन सांगा, इथं लिहून द्यायचंय."

आधार. घाई. आणि वर जयभीम. चोरांनी आता जयभीमसुद्धा सोडला नाही, या विचाराने त्यांचं रक्त उसळलं. पण ते लगेच भडकले नाहीत. पुढे काय मागतो ते ऐकायचं म्हणून दम धरून बसले.

"अजून काय पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"आणि टोकनचं असं, की निम्मं तुम्ही, निम्मं आम्ही. मी नंबर पाठवतो, त्याच्यावर आत्ताच्या आत्ता टाका. मागे दुसरी पार्टी उभी आहे. रविवार गेला तर परत मिळायचा नाही."

"हो का? आणि नाही टाकले तर?"

"अहो, नाही कसं? घाई करा जरा."

मग मात्र कोंडिरामांनी वर्षभर ग्रुपवर लिहिलेलं सगळं तोंडाने बोलून घेतलं. तुझ्यासारखे दहा रोज बघतो. गरिबाला लुबाडताना लाज वाटत नाही का? माझ्या पोरीचं नाव तोंडात घेशील तर जीभ हासडून हातात देईन. तुझा नंबर आत्ता पोलिसांत देतो, काशीमीऱ्याला सगळे मला ओळखतात. ते 'तुझ्या बापाने' इथपर्यंत आले आणि पलीकडचा आवाज एकदम बंद झाला. फोनच्या डोक्यावरच्या सगळ्या कांड्या गेल्या होत्या. पोस्टपेड व्हायला सुरुवात झाली होती.

"पळाला," कोंडिराम घाम पुसत म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांना हलकं वाटत होतं.

इंदूबाई लसूण सोलता सोलता थांबल्या होत्या. "काय म्हणत होता तो?"

"नेहमीचंच. आधार सांगा, पैसे टाका. पण तयारी बघ त्यांची, आपलं स्थळ आलंय ते पण माहीत. होकार आहे म्हणाला. जयभीम घालून सुरुवात. आणि रविवार जाईल म्हणून घाई."

"रविवार?"

"हां."

इंदूबाईंनी लसणाचं ताट बाजूला सारलं. आपल्यात लग्नाला मुहूर्त बघत नाहीत. सगळे वार सारखेच, म्हणून मग सगळ्यांना सुटीचा रविवारच लागतो, आणि हॉलचा रविवार मिळवण्यासाठी माणसं सहा-सहा महिने आधी धावतात. होकार ठरला की मुलाचा बाप आधी हॉल गाठतो आणि मग मुलीच्या बापाला फोन करतो. हे इंदूबाईंना कळत होतं आणि कोंडिरामांनाही कळत होतं. फक्त कोंडिरामांना ते आत्ता, या क्षणी, पायाच्या अंगठ्यापासून वर चढताना कळत होतं.

"घसा खाकरला होता का त्यांनी?" इंदूबाईंनी हळूच विचारलं.

कोंडिरामांनी आठवलं. दर वाक्याच्या आधी काहीतरी खरखर झाली होती. त्यांना वाटलं होतं लाइन खराब आहे.

"मेलो," ते म्हणाले आणि सोफ्यावर बसले.

मग धावपळ झाली. कोंडिरामांच्या फोनमध्ये नंबर होता पण फोन मेलेला. इंदूबाईंच्या फोनवरून 'जेसल पार्क'ला लावला, तो बंद. बॅटरी संपली असणार, म्हणून तर बिचाऱ्याने हॉलवाल्याच्या फोनवरून लावला. हॉलवाल्याचा नंबर बघून लावला, तर त्याने "रविवार बुक झाला" एवढं ऐकवून फोन ठेवला. कुणी बुक केला, विचारायला परत लावला, तर त्याने उचललाच नाही. कोंडिरामांच्या डोळ्यांपुढे मागे उभी असलेली ती दुसरी पार्टी आली. तिच्या हातात त्यांच्या पंचशीलाचा रविवार होता.

"पोरीला काय सांगू?" ते म्हणाले. "पहिल्यांदा कुणाला हो म्हणाली होती गं ती. माझ्या शब्दावर."

"तिला काही सांगू नका. तुम्ही आधी जेसल पार्कला जा आणि पाय धरा."

कोंडिरामांनी रिक्षा केली. गोल्डन नेस्टच्या सिग्नलला रिक्षा अडकली तेव्हा त्यांनी मनातल्या मनात माफीचं भाषण तयार केलं. सिग्नल सुटेपर्यंत ते त्यांना आवडेनासं झालं होतं. जेसल पार्कला उतरून, सावळ्यांचं दार शोधून त्यांनी बेल दाबली, तेव्हा बोलायचं काय ते एक अक्षर डोक्यात नव्हतं.

दार हरिश्चंद्रांच्या पत्नीने, चंपाबाईंनी उघडलं. जाळीचा दरवाजा मात्र तसाच बंद होता. मागून हरिश्चंद्र आले. त्यांनी घसा खाकरला.

"पोलीस कुठायत?" त्यांनी विचारलं.

"सावळेसाहेब, चूक झाली."

"नाही नाही, जीभ हासडणार होता ना तुम्ही? मी बसलोय घरीच. हॉलचा मॅनेजर ऐकत होता, मागची पार्टी ऐकत होती, बेंजोवाला वाजवायचा थांबला. आणि मग तुम्ही फोन बंद करून टाकला. मी परत परत लावला. बंद. आमच्या हिला म्हटलं, ही माणसं आहेत कशी?"

"फोन मी नाही बंद केला. तो कंपनीने केला. मी पोस्टपेड करून घेतलं ना आज."

हरिश्चंद्रांच्या चेहऱ्यावरचा राग जरा हलला. "पोस्टपेड? तुम्ही? कशाला? बांधून घेतात त्यात."

"तीन महिने फक्त."

"तीन महिने सांगतात. बिल बघितलं का कुणाचं? आमच्या ऑफिसात एकाचं—"

"प्रीपेडचा पॅक नेमका संपतो हो अडीअडचणीला."

"आधी भरून ठेवायचा. मी दोन पॅक पुढचे भरून ठेवतो. बॅटरी संपते, पॅक संपत नाही."

"अहो, हे नंतर बोला," चंपाबाई म्हणाल्या. "ते दारात उभे आहेत."

हरिश्चंद्रांना एकदम आपण रागावलोय ते आठवलं. "बरं, ते सोडा. पण माणूस होकार सांगतोय आणि तुम्ही शिव्या घालता? जयभीम घातला तरी?"

"आमच्या घरात अनोळखी नंबर कुणीच उचलत नाही, साहेब. मी आज उचलला तो कंपनीमुळे. मीच नियम केलाय. आमच्यात माणूस मेला तरी अनोळखी नंबर उचलत नाहीत."

"हे काय सांगता? फोन वाजला की माणूस उचलतोच. मी तर राँग नंबरवाल्याशी पण बोलतो."

"विश्वास नसेल तर लावून बघा. आमच्या हिला लावा, तुमच्या घरातल्या कुठल्याही फोनवरून."

माणूस एकदा पुराव्यावर आला की त्याला थांबवणं कठीण. हरिश्चंद्रांनी चंपाबाईंचा फोन घेतला, कोंडिरामांनी नंबर सांगितला. रिंग वाजली, वाजत राहिली आणि बंद झाली. कोंडिरामांची मान जरा वर आली.

"फोन आत राहिला असेल वहिनींचा," हरिश्चंद्र म्हणाले.

"मग पोरीला लावा. तिचा फोन कायम ॲप्रनच्या खिशात. ती तर माझ्याहून कडक. मला भिजत घरी यावं लागलं होतं, तरी तिने उचलला नव्हता."

"या फोनवरून नको. वहिनींनी नंबर बघून तिला कळवलं असेल. उदय, इकडे ये. तुझ्यावरून लाव."

आतल्या खोलीतून उदय बाहेर आला. रविवारी पोह्यांच्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जी तकाकी होती ती आज अजिबात नव्हती.

"माझा कशाला, पप्पा? बॅटरी कमी आहे."

"अर्धी आहे की. लाव. नरवाडे, नंबर सांगा. आणि स्पीकरवर टाक."

कोंडिरामांनी एकेक आकडा सुटा सुटा करून नंबर सांगायला सुरुवात केली. निम्मा सांगून झाला तेवढ्यात रिंग वाजायला लागलीसुद्धा. मुलगा चलाख आहे, असं कोंडिरामांना वाटलं. आता ती वाजेल, वाजेल आणि बंद होईल, आणि निदान घराण्याच्या शिस्तीबद्दल तरी या माणसाची खात्री पटेल, म्हणून ते जाळीला नाक लावून उभे राहिले.

एकच रिंग वाजली.

"हां, बोल," पंचशीलाचा आवाज आला. खणखणीत, लाडात आलेला, कोंडिरामांनी घरात कधी न ऐकलेला. "किती वेळ लावतोस रे? हॉलचं झालं ना? माझ्या पप्पांचा फोन बंद लागतोय, तुझ्या पप्पांनी नक्की काय सांगितलं त्यांना? आणि ऐक, रविवारी तू पोहे खाताना सारखा हसत होतास. मम्मीला डाउट आलाय. दोन वर्षं सांभाळलं, मेळाव्याचं पुस्तक पप्पांच्या उशाशी नेऊन ठेवलं, तुझ्या पानाला खूण घातली, आता शेवटच्या क्षणाला घोळ नको घालूस. उदय? ऐकतोयस ना?"

उदय ऐकत होता. चंपाबाई ऐकत होत्या. हरिश्चंद्र घसा खाकरायचं विसरले होते. आणि जाळीबाहेर कोंडिराम आपण डोळ्यांत तेल घालून शोधलेल्या त्या रत्नाकडे बघत होते. त्यांना राग यायला हवा होता, आणि तो थोडासा आलाही. दोन वर्षं आपल्याच घरात आपणच गंडलो, कुणी आधार न विचारता, कुणी पैसे न मागता. पण मुलगी या मुलाला आपल्या शब्दावर हो म्हणाली नव्हती, तिला तोच हवा होता, आणि तो तिच्या हातून गेलेला नव्हता, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

"पंचशीला," ते म्हणाले.

लॅबमधली कुठलीतरी मशीन घुमत होती तेवढी ऐकू आली.

"कोण पाहिजे?" पंचशीला म्हणाली, एकदम वेगळ्या आवाजात. "राँग नंबर." आणि फोन बंद झाला.

मग उदय जमिनीकडे बघत म्हणाला, "पप्पा, हॉलचं टोकन मी भरलंय. तुम्ही चिडून घरी आलात ना, तेव्हाच, फोनवरून. रविवार आपलाच आहे."

हरिश्चंद्रांनी मुलाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. चंपाबाई पदराने तोंड झाकून आत निघून गेल्या होत्या आणि आतून येणारा आवाज खोकल्याचा नव्हता. दोन्ही बापांना आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. स्थळ बघून झालं होतं, होकार होऊन गेला होता, हॉलसुद्धा ठरला होता. पण मुलीची बाजू सावरायची ती बापानेच, हे कोंडिराम विसरले नव्हते. त्यांनी शर्ट नीट केला.

"बघितलंत ना साहेब?" ते म्हणाले. "म्हटलं नव्हतं मी? आवाज ओळखीचा वाटला नाही की लगेच ठेवून देते."

हरिश्चंद्र क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी घसा खाकरला आणि जाळीची कडी काढली.

"वळण चांगलं आहे मुलीला," ते म्हणाले. "या, आत या, व्याही."